कप्तानाच्या घराचा जिना

"हे चित्र इतकं अचूक आहे," मी माइकसमोर उभा राहून म्हणालो, "की उद्या कप्तानाचं घर स्वतःच्या पायांनी परत आलं, तर आधी या चित्रासमोर उभं राहील आणि आपलं काही चुकलंय का ते तपासून घेईल."

टाळ्या पडल्या. अध्यक्षबाईंनी दोरी ओढली, पडदा खिळ्यात अडकला, शिपायानं स्टुलावर चढून तो सोडवला, आणि माझं जलरंगातलं चित्र नगरपालिकेच्या सभागृहात कायमचं लटकलं. मी स्टेजवरून खाली येताना बायको पहिल्या रांगेतून हळूच म्हणाली, "अहो, मान जरा खाली करा, पायरी आहे." पायरी होतीच. पण त्या दिवशी मी पडलोसुद्धा रुबाबात.

कप्तानाचं घर म्हणजे आमच्या गावाची शान. कप्तान नेमका कसला, जहाजाचा, फौजेचा, की नुसताच तसा दिसायचा, यावर गावात तीन मतं आहेत आणि तिन्ही मतांची माणसं एकमेकांशी बोलत नाहीत. घर मात्र खरं होतं. दगडी, वर एक मजला, रस्त्याच्या बाजूला भिंतीला धरून चढत जाणारा दगडी जिना. अकरा वर्षांपूर्वी रस्ता रुंद करायचा म्हणून ते पाडलं. मग रस्ता पलीकडच्या बाजूनं रुंद केला. तेव्हापासून तिथं नुसतं जोतं आणि त्यावर गवत.

यंदा वरून आदेश आला की जुन्या वास्तू जपा. आमच्याकडे जपण्यासारखी एकच होती आणि ती आम्ही पाडली होती, म्हणून ती परत बांधायचं ठरलं. जशी होती तशी. नकाशे शोधले तर त्या फायलीला वाळवी लागलेली. शेजारची 'वाळवी नियंत्रण' ही फाईल धडधाकट होती. फोटो शोधले. फोटो भरपूर निघाले, पण प्रत्येकात कुणाचं तरी अख्खं खानदान उभं आणि त्यांच्या डोक्यांमधून बोटभर दगड दिसणार. शेवटी कुणाला तरी आठवलं की पाडायच्या आदल्या दिवशी ड्रॉइंगचे मास्तर समोर उभं राहून काहीतरी काढत होते.

ते मास्तर म्हणजे मी. चौतीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. पोरं मला 'मिलिमीटर' म्हणायची, कारण रेघ एक मिलिमीटर जरी सरकली तरी मी मार्क कापायचो. आता गावसुद्धा तेच म्हणतं. माझं चित्र समोर ठेवून घर बांधायचं असं ठरलं, आणि दारावर लावायची दगडी पाटी तर कोरूनही झाली: 'मिलिमीटर मास्तरांच्या अचूक चित्रावरून जसंच्या तसं.' ती पाटी मी कोरणाऱ्याच्या दुकानात जाऊन तीनदा हात फिरवून बघितली होती.

तर, टाळ्या संपल्या, चहा सुरू झाला, आणि इस्त्रीवाला कप घेऊन माझ्याजवळ आला.

"मास्तर, चित्र झकास," तो म्हणाला. "फक्त जिना चुकीच्या हाताला आहे."

मी हसलो. त्यानं कप माझ्या हातात दिला आणि उजव्या हाताची बाही वर केली. कप्तानाच्या घरातल्या वरच्या बिऱ्हाडाला त्यानं बावीस वर्षं कपडे पोचवले होते. गाठोडं डाव्या खांद्यावर, आणि भिंतीकडचा उजवा कोपर दर फेरीला दगडाला घासायचा. कोपरावर रुपयाएवढा पांढरा चट्टा होता.

"रस्त्यावरून बघितलं की जिना घराच्या उजव्या टोकाला सुरू व्हायचा आणि डावीकडे चढायचा," तो म्हणाला. "तुमच्या जिन्यानं गेलो असतो तर हा डावा सोलला असता. हा बघा डावा." डावा कोपर लहान बाळासारखा होता.

मी त्याला समजावलं की माणसाला आठवण दगा देते, चित्र देत नाही. तो बरं म्हणाला, कप परत घेतला आणि गेला. मी घरी आलो, बूट न काढता माळ्यावर चढलो आणि जुनी पेटी खाली ओढली. पेटीआधी माळ्यावरचा पंखा खाली आला, पण ते असो. पेटीत अकरा वर्षांपूर्वी रस्त्यावर उभं राहून काढलेलं पेन्सिलीचं मूळ रेखाटन होतं. त्यात जिना उजवीकडे होता.

त्याखाली ट्रेसिंग पेपर होता. तो उजेडाला धरला आणि सगळं कळलं.

काय झालं होतं ते सांगतो. जलरंगाच्या कागदावर खोडाखोड चालत नाही. रबर फिरवला की कागदाची लव निघते आणि मग रंग तिथं डाग धरून बसतो. म्हणून चित्र आधी साध्या कागदावर काढायचं, ट्रेसिंगवर उतरवायचं, ट्रेसिंगच्या मागच्या बाजूला पेन्सिल घासायची, मग ते सुलटं ठेवून वरून रेघा गिरवायच्या. घर पाडलं त्या संध्याकाळी मी घाईत होतो. डोळ्यांसमोर अजून पडणाऱ्या भिंतीच होत्या. मी ट्रेसिंग सरळ पालथा टाकला आणि चमच्याच्या पाठीनं घासला. रेघा छान उतरल्या. फक्त उलट्या, आरशात दिसतात तशा. चौतीस वर्षं मी प्रत्येक नव्या वर्गाला पहिल्याच दिवशी सांगत आलो होतो की ट्रेसिंग पालथा घालून घासतो तो बावळट.

बायको दारात उभी राहून सगळं बघत होती.

"या चुकीला किती मार्क कापायचात?" तिनं विचारलं.

"सात."

"दहापैकी?"

"दहापैकी."

"मग तुम्ही नापास," ती म्हणाली आणि पंखा उचलून घेऊन गेली.

त्या दिवसापासून माझं बूड टेकेना. खुर्चीत बसलो की उठायचो, उठलो की खिडकीशी जायचो, खिडकीतून परत पेटीशी. जेवणसुद्धा उभ्यानं. बायको म्हणाली, फरशी झिजेल, निदान रोज वेगळ्या रांगेतून फिरा. सांगावं तर गावभर हसं, चौतीस वर्षांत शिकवलेली पोरं मोठी होऊन मिशा फिरवत विचारणार, काय मास्तर, पालथा का? न सांगावं तर घराची जी एकुलती एक खूण उरलीय ती कायमची खोटी, आणि तीही माझ्या हातची. वर माझंच नाव. पाटीवर ज्या शब्दावर मी तीनदा हात फिरवला होता, तो 'अचूक'. रस्त्यानं जाताना उगाच वाटायचं की लोक माझ्याकडे बघून डावं-उजवं करतायत.

चार दिवसांनी सगळं सांगायचं ठरवून बांधकामावर गेलो. घराचं कंत्राट माझ्या मेव्हण्याकडे होतं, त्यामुळे सुरुवात घरच्या घरी होईल असा हिशेब. तिथं पोचलो तर उजव्या बाजूला मोठा खड्डा आणि खड्ड्याशेजारी घडीव दगडांचा ढीग. जिन्याचा जुना पाया. अकरा वर्षं गवताखाली तो बिचारा बरोबर जागी बसून होता.

मी विचारलं, हा का उकरला? मेव्हण्यानं इंजिनियरकडे बोट केलं. इंजिनियर तरुण, नम्र, गळ्यात माझ्या चित्राची प्लास्टिकमध्ये घातलेली झेरॉक्स. त्यानं सांगितलं की पाया चित्राशी जुळत नव्हता. म्हणजे जुन्या गवंड्यांनी चूक केली होती. ती आता दुरुस्त करतोय.

मी म्हटलं, अहो, पाया आधीचा आहे, चित्र नंतरचं. त्यानं मान डोलावली आणि म्हणाला, "पण सर, मंजुरी चित्राला आहे."

डाव्या बाजूला मात्र एक अडचण होती. तिथं छापखान्याची भिंत आहे. उजवीकडे गल्ली असल्यामुळे खऱ्या जिन्याच्या खालच्या चार पायऱ्या गल्लीत उतरायच्या. उलट्या जिन्याच्या चार पायऱ्या छापखान्यात उतरणार होत्या, थेट कागद कापायच्या मशीनवर. इंजिनियरनं त्यावर तोड काढली होती. त्या चार पायऱ्या गाळायच्या. जिना जमिनीपासून कमरेएवढ्या उंचीवर सुरू होईल.

"मग वर जायचं कसं?" मी विचारलं.

"वारसा आहे सर. वर जायचं नाही, बघायचं."

मी मेव्हण्याला बाजूला घेतलं आणि त्याला सगळं सांगितलं, चमच्यासकट. मग त्यानं खांद्यावर हात ठेवला.

"भाऊजी, लोखंड वाकवून झालंय," तो म्हणाला. "आता ते सरळ होत नाही. तुम्ही पण होऊ नका."

तिथून तडक अध्यक्षबाईंकडे गेलो. बाई सह्या करत होत्या. त्या सही करताना वाचत नाहीत आणि ऐकताना सही थांबवत नाहीत. मी म्हणालो, बाई, माझं चित्र चुकलंय. त्या म्हणाल्या, खऱ्या कलाकाराला आपलं काम कधीच बरोबर वाटत नाही, याला नम्रता म्हणतात. मी म्हणालो, नम्रता नाही बाई, जिना उलटा आहे. त्या म्हणाल्या, बघा, परत नम्रता. आणि शेजारच्या कारकुनाला सांगितलं की मास्तरांना वारसा समितीत घ्या, अशी माणसं हवीत. मी बाहेर आलो तेव्हा समितीचा सदस्य होतो.

तोवर गावाची आठवण चित्राप्रमाणे सुधारायला लागली होती. न्हावी सांगू लागला की लग्न ठरलं तेव्हा तो त्या डाव्या जिन्यावर बसून रडला होता. निवृत्त हेडमास्तर, ज्यांना गाव 'पाठांतर' म्हणतं, त्यांनी तर डाव्या जिन्याच्या आठवणी लिहायलाच घेतल्या. डावीकडून चढताना प्रकाश कसा पडायचा वगैरे. मी त्यांना म्हणालो, पाठांतर सर, तुम्ही तर गावाच्या त्या टोकाला राहायचात. ते म्हणाले, म्हणूनच तर सगळं दिसायचं.

शेवटी मी ठरवलं, बोलायचं नाही. नवं चित्र काढायचं, सुलटं, अगदी त्याच मापाचं, त्याच रंगात, आणि गुपचूप बदलायचं. एकदा भिंतीवर बरोबर चित्र लागलं की इंजिनियर त्याप्रमाणे बांधेल, कारण तो चित्रापलीकडे बघत नाही. गाव त्याप्रमाणे आठवेल. कुणाला काही कळणार नाही आणि पाटी खरी होईल. योजनेत मला एकही खोट दिसेना, यावरूनच मी सावध व्हायला हवं होतं.

दहा दिवस उभ्यानं काढलं. रेखाटन उतरवलं, यावेळी सुलटं, आणि दर पाच मिनिटांनी बायकोला हाक मारून विचारायचो, जिना कुठं आहे? ती स्वयंपाकघरातून ओरडायची, उजवीकडे. एकदा तिनं न बघताच उत्तर दिलं असं वाटून मी चित्र तिच्यासमोर नेलं आणि आकाशाच्या ओल्या निळ्यात तिचा पदर बुडाला. त्या जागी मग ढग केला. जुन्या चित्रात ढग नव्हता, पण एवढं कोण बघतंय.

सभागृह दुपारी एक ते दोन रिकामं असतं. मी सव्वाला कापडात गुंडाळलेलं चित्र काखेत घेऊन गेलो. स्टूल ओढलं, चढलो, जुनं चित्र उतरवलं, टेबलावर ठेवलं. नवं त्याच्या शेजारी ठेवलं. तेवढ्यात शिपाई डबा धुवून परत आला.

त्याला वाटलं मी आणखी एक चित्र भेट द्यायला आलोय. फार खूश झाला. म्हणाला, मास्तर, तुम्ही कशाला चढताय या वयात, उतरा. मी काही सांगायच्या आत त्यानं जुनं चित्र परत जागेवर लावलं आणि नवं शेजारच्या खिळ्याला. खिळा कुठून आला ते विचारलं तर म्हणाला, इथं पूर्वी घड्याळ होतं. दोन्ही चित्रं शेजारी शेजारी लटकली. एकात जिना डावीकडे, एकात उजवीकडे. फार शोभत होती, हेच वाईट होतं.

मी स्टुलाकडे झेपावलो, पण दार उघडलं आणि अध्यक्षबाई आत आल्या. मागं इंजिनियर, पाठांतर सर, सगळी समिती, आणि वरून कामाची पाहणी करायला आलेले मोठे साहेब. साहेब भिंतीसमोर थांबले. एका चित्राकडे बघितलं, मग दुसऱ्याकडे.

"जोडघर होतं का?" त्यांनी विचारलं.

अध्यक्षबाईंना मोठ्या माणसासमोर 'माहीत नाही' म्हणायची सवय नाही. त्या म्हणाल्या, "हो साहेब. जोडघर."

पाठांतर सर लगेच पुढं आले. दोन भाऊ होते, म्हणाले. थोरल्याचं डावीकडचं घर, धाकट्याचं उजवीकडचं. दोघांत वैर. म्हणून तर जिने एकमेकांकडे पाठ करून. सांगताना त्यांचा आवाज भरून आला. इंजिनियरनं टिपून घेतलं. साहेब म्हणाले, मग एकच का बांधताय? अर्धा वारसा म्हणजे वारसा नाही.

एका उलट्या जिन्याची दोन घरं झाली होती. मी टेबलावर हात आपटला आणि आयुष्यात पहिल्यांदा भर सभेत सांगितलं:

"एकच घर होतं. भाऊबिऊ कुणी नव्हते. जिना उजवीकडे होता. मी ट्रेसिंग पालथा घातला, चित्र उलटं आलं. चूक माझी आहे."

मला वाटलं, सुटलो. मग न्हावी, तोही समितीत होता, सावकाश म्हणाला, "म्हणजे मास्तर धाकट्याच्या बाजूचे."

त्यावर दोन सदस्य उठले आणि म्हणाले की थोरल्यावर असा अन्याय आम्ही खपवून घेणार नाही. दुसऱ्या बाजूनं कुणीतरी म्हणालं, थोरल्यानंच धाकट्याला लुबाडलं, सगळ्यांना ठाऊक आहे. जे भाऊ पाच मिनिटांपूर्वी जन्मले होते त्यांच्यावरून एकाची कॉलर फाटली. इतिवृत्तात माझ्याबद्दल एकच ओळ आली: 'मास्तर भावनाविवश झाले.'

बाहेर इस्त्रीवाला भेटला. निदान हा तरी माझ्या बाजूनं साक्ष देईल म्हणून मी त्याचा हात धरला. त्यानं दोन्ही कोपर आलटून पालटून बघितले.

"कोण जाणे मास्तर," तो म्हणाला. "दोन्हीकडे जात असेन. डाव्याला मी फुल बाही घालून गेलो असणार."

दुसऱ्या घराला जागा लागणार होती. गल्लीच्या पलीकडे पोस्ट ऑफिस आहे, तीच जागा पाठांतर सरांना आठवली. पोस्ट हलवायचं, इमारत पाडायची, असा ठराव दोन दिवसांत झाला. इतक्या वर्षांत गावात इतक्या झटपट काही झालं नव्हतं.

मी घरी येऊन फेऱ्या मारायला लागलो. बायकोनं मला खांद्याला धरून खुर्चीत बसवलं. महिन्याभरात मी पहिल्यांदा टेकलो.

"बोललेलं हवेत जातं," ती म्हणाली. "लिहून द्या. आणि ते पेन्सिलीचं चित्र जोडा. तेवढं एकच खरं आहे तुमच्याकडे."

मी म्हटलं, सगळं गाव हसेल.

"हसू दे की. मी महिनाभर हसतेच आहे, तुम्हाला काही झालं का?"

मग मी लिहिलं. एक पान, स्वच्छ अक्षरात, आडवळण नाही. घर एकच, जिना उजवीकडे, चूक माझी, 'अचूक' हा शब्द पाटीवरून काढावा. खाली सही. मूळ रेखाटन जोडलं, ट्रेसिंग पेपर जोडला, आणि अध्यक्षबाईंऐवजी थेट मोठ्या साहेबांचा पत्ता घातला. बायकोनं पाकीट चिकटवलं आणि म्हणाली, आता पास झालात, काठावर.

मंगळवारी चार वाजता मी ते रजिस्टर करून आलो. खिडकीतल्या बाईनं पावती दिली आणि सांगितलं की आजचं टपाल निघून गेलंय, हे उद्या सकाळी अकराच्या गाडीनं जाईल. परत येताना मी बागेतल्या बाकावर चांगला अर्धा तास बसलो, पायसुद्धा न हलवता.

पोस्ट गुरुवारी पाडायचं होतं. पण मेव्हण्यानं भाड्यानं आणलेलं मशीन बुधवारी परत करायचं होतं, म्हणून त्यानं बुधवारी सकाळी आठलाच काम सुरू केलं. साडेनऊपर्यंत इमारत भुईसपाट झाली. माणसं कुणी आत नव्हती. टपाल होतं.